हूं न म्हणणारी माणसं

झरीच्या संघप्रियाला इंग्रजी येत नाही, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं आधी तिच्याशी भांडून बघावं. परभणीच्या एका दवाखान्यात ती सात वर्षांपासून स्टाफ नर्स आहे. औषधाच्या डबीवरचं मुंगीएवढं इंग्रजी ती लांबूनच वाचते, केरळच्या डॉक्टरीणबाईंशी जेवणाच्या सुट्टीत इंग्रजीतून गप्पा हाणते, आणि एकदा तर बिघडलेलं मशीन गळ्यात मारायला आलेल्या विक्रेत्याला तिनं इंग्रजीतून असं झापलं, की तो बिचारा मराठीतून माफी मागून गेला. पण परीक्षेपुढं शहाणपण चालत नाही. वाचण्यात आठ, ऐकण्यात साडेआठ, लिहिण्यात सात, आणि बोलण्यात? साडेपाच!

हे आकडे नवापैकी. इंग्लंडातल्या एका दवाखान्यानं मोबाइलवरच मुलाखत घेऊन तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच, चारही भागांत निदान सात पाहिजेत. दोन महिने जागा धरून ठेवू म्हणाले, त्यापुढं नाही. संघप्रियाला जायचं होतं. कोणी ढकलत नव्हतं, घरी काही अडलं नव्हतं, तिलाच जायचं होतं. तिचे वडील सिताराम परभणीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. लहानपणी ती त्यांच्यासोबत डेपोत जायची आणि पाथरीची गाडी गेली, पाथरीची गाडी आली, असं दिवसभर बघायची. जी गाडी संध्याकाळी परत येत नाही अशा गाडीत एकदा बसायचं, हे तिनं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

परीक्षेची तयारी ती जीवन सरांच्या क्लासमध्ये करत होती. क्लास म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची एक खोली, आणि बाहेर खोलीपेक्षा मोठा फ्लेक्स. 'बेसिकपासून ॲडव्हान्सपर्यंत सर्व पातळ्या.' सर माणूस दिलखुलास. कोणी इंग्रजीत बोलायला लागलं की "येस, येस, व्हेरी गुड, मग?" असा त्यांचा घोष सुरू. त्यांच्यापुढं संघप्रियाची गाडी सुसाट सुटायची. सर सराव परीक्षेत आठ गुण द्यायचे आणि वर पेढे मागायचे.

त्याच क्लासमध्ये चारठाण्याची राजेश्री होती, नव्या नवरीच्या बांगड्यांचा खळखळाट करत येणारी. तिचा नवरा तिकडं आधीच पोचलेला. बायकोला बोलवायचं तर बायकोनंही परीक्षा द्यायची, पण सगळ्यांत खालच्या पातळीची. नाव काय, गाव कोणतं, बाजारातून काय आणलं, एवढंच. परीक्षक एक विचारतो, आपण एक सांगायचं, तो मान डोलावतो, आपण आणखी एक सांगायचं. राजेश्री दहा मिनिटांत पास होऊन आली आणि क्लासभर बर्फी वाटत म्हणाली, "ताई, लय सोपं असतंय. गप्पा मारल्यावानीच की." संघप्रियानं बर्फी खाल्ली, पण ती घशाखाली उतरेना. हिला 'टुमारो' आणि 'यस्टरडे' अजून उलटसुलट होतात, आणि ही पास! मी मात्र साडेपाचवर!

दुसऱ्यांदा सहा आले. जीवन सरांनी कपाळाला हात लावला. "तुझा कॉन्फिडन्स कमी पडायलाय," ते म्हणाले, आणि रोज आरशासमोर उभं राहायला सांगितलं. आता आरशासमोर उभी राहिलेली बाई इंग्रजी बोलेल की केस नीट करेल, हे सरांना कोण सांगणार? बाकीचे तीन भाग पार झाले होते. नशिबानं एकच भाग पुन्हा देण्याची सोय निघाली. तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. दवाखान्याची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती. म्हणजे ही शेवटची गाडी.

त्या शनिवारी ती झरीला आईकडं आली. तिची आई सुलाबाई. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जन्म गेला, आता रिटायर, पण तोंड रिटायर झालेलं नाही. बोलायला जितकी हौशी, तितकीच ऐकायलाही. समोरचा बोलत असताना तिचे "हूं... हूं... मंग?" इतके ठसक्यात पडतात, की फोनवर बोलताना ते शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलाही ऐकू जातात, असं वॉर्डातल्या मुली म्हणायच्या.

संध्याकाळी ओसरीवर शेंगा फोडत सुलाबाई सांगत होती. शेजारच्या मालनबाईची शेळी तात्यारावांच्या घरात शिरली, आणि त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या पत्रिका खाऊन बसली. सगळ्या नाही, वरच्या अर्ध्या. "अन् वरच्या कोणाच्या व्हत्या म्हाईत हाय का? सोयऱ्यायच्या! खाली राहिल्या त्या पुढाऱ्यायच्या. आता तात्याराव म्हणायलेत..."

सुलाबाई थांबली. संघप्रिया मोबाइलवरच्या त्या सहाच्या आकड्याकडं टक लावून बसली होती.

"अगं, हूं तरी म्हण की!" सुलाबाई कडाडली. "मी काय भिंतीला सांगायले का? समोरचं मानूस हूं म्हणंना तर सांगणाऱ्याच्या तोंडाला कुलूपच लागतंय बग."

संघप्रियाच्या हातातली शेंग हातातच राहिली. "काय म्हणलीस?"

"हूं म्हण, म्हणलं."

"त्याच्या म्होरं."

"कुलूप लागतंय म्हणलं. कामून?"

आमच्याकडं गोष्ट सांगायची तर आधी हूं म्हणणारा ठरतो. लेकरं अंथरुणावर पडली की आजा विचारतो, "आज हूं कोण म्हणणार?" मग ज्याची पाळी त्यानं जागं राहायचं. त्याचा हूं बंद पडला की गोष्ट तिथंच बंद, मग राजकन्या विहिरीत लोंबकळत का असेना. हूं म्हणजे पुढं चल, मी आहे. हूं नाही म्हणजे समोरचा झोपला, कंटाळला, नाहीतर रागावला. आणि अशा माणसापुढं बोलत राहणं म्हणजे स्वतःची बेइज्जती स्वतःच करून घेणं. हे आम्हाला कोणी शिकवत नाही, दुधाबरोबर पोटात जातं.

आणि परीक्षेत नेमकं काय होत होतं? परीक्षक एक चिठ्ठी द्यायचा, विचार करायला एक मिनिट द्यायचा, मग म्हणायचा, बोला, दोन मिनिटं. आणि स्वतः गप्प. हूं नाही, येस नाही, मान हलवणं नाही. त्याला तसाच नियम. तीन वाक्यं झाली की संघप्रिया त्याच्याकडं बघायची. तो दगड. तिला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. आणखी अर्धं वाक्य, आणि मग ती मर्यादशीर बाईसारखी थांबायची. दोन्ही वेळा तेच झालं होतं. दोन मिनिटांतली सव्वा मिनिट शांतता, आणि त्या शांततेचे गुण शून्य. इंग्रजी कुठंही कमी पडलं नव्हतं. हूं कमी पडला होता!

तिनं हे आईला समजावून सांगितलं, तेव्हा सुलाबाई आधी परीक्षकावरच घसरली. "लेकरू बोलायलंय अन् हूं बी म्हणंना? एवढं शिकून मानूसकी न्हाई का त्याला?" मग पदर खोचून म्हणाली, "चल. मीच होते परीक्षक. बोल तुझं विंग्रजी."

संघप्रिया आपल्या खुर्चीत बसली. ही खुर्ची म्हणजे एसटीच्या कंडक्टरची सीट. खाली लोखंडी पाय जोडलेले, वर हिरवं रेक्झिन, आणि पाठीवर पांढऱ्या अक्षरात 'वाहक'. समोर सुलाबाई मोबाइलवर घड्याळ लावून ताठ बसली. चार वाक्यं झाली.

"हूं," सुलाबाई म्हणाली.

"आई!"

"अगं, निघतंय आपोआप. पुन्हा बोल."

पुन्हा चार वाक्यं. "हूं... मंग?" इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं, तरी 'मंग' सुटलं. तिसऱ्या वेळी तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, तर मान हलायला लागली. "मानबी हालवायची न्हाई? मंग मी मेले का काय?" शेवटी मालनबाईला बोलावलं. मालनबाई जयभीम घालून समोर बसली ती काय बसली! अगदी पुतळा. दोन मिनिटं पापणी हलली नाही. मायलेकी खूश झाल्या, आणि मग पुतळा घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी संघप्रियाला जाग आली ती आईच्या बोलण्यानं. सुलाबाई आतल्या भिंतीसमोर उभी होती. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्या बाजूला जरा खाली सिताराम. डेपोच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतलेला. खाकी शर्ट, ओठ घट्ट मिटलेले, नजर सरळ. जाऊन नऊ वर्षं झाली. सुलाबाई रोज सकाळी फोटोची काच पुसायची, कपभर चहा समोर ठेवायची आणि गावची सगळी खबर सांगायची. आज शेळीचा विषय होता.

हे दृश्य संघप्रियानं हजारदा बघितलेलं. पण आज ती उठून बसली. "आई, ते कुटं हूं म्हणायलेत? मंग तुझ्या तोंडाला कसं कुलूप लागंना?"

सुलाबाईनं वळून बघितलं. आधी हसली. "जित्तेपणी तरी कवा म्हणले? दोन-दोन घंटे बोलायची मी, अन् हे पान्यात बुडवल्यावानी गप. लग्न झाल्यावर पयल्या साली तर मला वाटलं, मुक्याच्या पदरी बांदलं माय-बापानं. लय रडले. मंग एक डाव मी म्हणले, चुलीचा धूर डोळ्यात जायलाय. ह्यांनी वर बी बघितलं न्हाई. चार दिसांनी बघते तर भिताडाला भोक पाडून पत्र्याचं धुराडं बसवलेलं. तवापासून कळलं, बोलंना गेले तरी समदं ऐकायलेत." पदरानं काचेवरचा नसलेला डाग तिनं पुन्हा पुसला. "हूं म्हणणारे गावात लय पडलेत, संघू."

संघप्रिया उठली. ती जड खुर्ची ओढत आणून तिनं फोटोसमोर ठेवली, बसली, आणि बापाच्या डोळ्यांत बघून इंग्रजीत बोलायला लागली. पहिल्या दिवशी पन्नास सेकंदांवर अडली. दुसऱ्या दिवसापासून ड्युटी संपली की एसटीनं झरीला यायची. सत्तर सेकंद. नव्वद. बाप ढिम्म. तिनं त्यांना वॉर्डातल्या गमती सांगितल्या, केरळच्या डॉक्टरीणबाईंची माशाची आमटी सांगितली, इंग्लंडात पाऊस कसा वेळीअवेळी पडतो ते सांगितलं. दहाव्या दिवशी घड्याळ वाजलं, तरी ती बोलतच होती. सुलाबाई दाराआड पदर तोंडात कोंबून बसलेली. तिलाही तेवढा सराव झाला होता.

परीक्षा संभाजीनगरच्या एका हॉटेलात होती. सुलाबाई दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून सोबत निघाली. गेटवरच्या माणसानं तिला आत सोडलं नाही, म्हणून ती बाहेर झाडाखाली बसली, आणि दहा मिनिटांत त्या माणसाच्या तिन्ही लेकरांची नावं तिला पाठ झाली.

आत परीक्षक म्हणून एक बाई होत्या. पांढरे केस, बारीक काड्यांचा चष्मा, आणि चेहरा दुपारी बंद असलेल्या पोस्टाच्या खिडकीसारखा. नाव, गाव, काम हे सगळं नीट झालं. मग त्यांनी चिठ्ठी पुढं सरकवली. तुम्हाला कोणीतरी दिलेल्या आणि तुम्ही अजून वापरत असलेल्या एखाद्या वस्तूबद्दल सांगा.

अशा प्रश्नासाठी जीवन सरांनी एक उत्तर पाठ करून घेतलं होतं. मामांनी वाढदिवसाला दिलेलं घड्याळ. संघप्रियाला मामा नव्हता आणि तिचा वाढदिवस कधी कोणी साजरा केला नव्हता, पण क्लासमधल्या सगळ्यांनाच ते घड्याळ मिळालेलं होतं. कागदावर तिनं आधी 'वॉच' असं लिहिलं. मग त्याच्यावर काट मारली.

"माझ्याकडं एसटीच्या कंडक्टरची सीट आहे," तिनं इंग्रजीत सुरुवात केली. "ती मला माझ्या वडिलांनी दिली. मी तेव्हा दहावीत होते."

तीन वाक्यं झाली आणि तिची नजर सवयीनं वर गेली. बाई गप्प. पापणी हलेना. चुकलं का? कंटाळल्या का? आता थांबावं का? तेवढ्यात तिला बाईंचे ओठ दिसले. घट्ट मिटलेले. असे ओठ तिनं लहानपणापासून ताटासमोर, सायकलवर, डेपोच्या खड्ड्यात गाडीखाली बघितले होते. ती घाबरायची थांबली.

मग ती बोलली. जमिनीवर बसून अभ्यास करताना पाठ दुखते, असं मी वडिलांना म्हणाले. ते सायकलचं चाक काढत होते. त्यांनी काहीच म्हटलं नाही. मला लय राग आला. पंधरा दिवसांनी ते सायकलच्या कॅरिअरला ही सीट बांधून आले. मोडीत काढलेल्या गाडीची, भंगारवाल्याकडून रीतसर विकत घेतलेली. पाय त्यांनी स्वतः जोडले. कंडक्टर म्हणजे जो सगळ्यांना त्यांच्या गावी पोचवतो आणि सगळ्यांत शेवटी उतरतो, तो. ते एवढंच म्हणाले, बसून बघ. मी बसले. त्याच सीटवर दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंग झालं. पाठ कधी दुखली नाही. मी त्यांना थँक यू म्हणाले नाही. आमच्याकडं घरात कोणी म्हणत नाही. आता ते नाहीत. या महिन्यात मी रोज त्या सीटवर बसून त्यांच्याशी इंग्रजीत बोलले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी मला खात्री आहे, त्यांनी...

बाईंनी हात वर केला. दोन मिनिटं संपली होती. "थँक यू," त्या म्हणाल्या, तशाच कोरड्या. फक्त पुढचा कागद उलटायला त्यांना थोडा जास्त वेळ लागला. संघप्रियाला ते दिसलं. मग चर्चेचे प्रश्न आले, तेव्हा ती हॉटेलच्या खुर्चीवरही घरच्या सीटसारखी मांड ठोकून बसली होती.

"हूं म्हणली का ती बया?" बाहेर आल्या आल्या सुलाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"मंग?"

"मंग काय, मी बोलले."

सुलाबाईनं दशमी तिच्या हातात दिली आणि गेटवरच्या माणसाला जाहीर केलं, की लेक पास हाय.

निकाल आला तो दुपारच्या ड्युटीत. संघप्रिया सलाइनची बाटली बदलून मागं वळली, तर खिशात मोबाइल थरथरला. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. मग उघडलं. बोलणे, साडेसात. तिनं तो आकडा तीनदा वाचला, मग औषधांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि झरीला फोन लावला.

"आई, साडेसात आले. सात पाहिजे व्हते, साडेसात आले!"

पलीकडून आवाज आला नाही.

"आई? मी जायलेय. खरंच जायलेय. जागा माझीच हाय आता."

हूं नाही. मंग नाही. जी बाई न कळणाऱ्या इंग्रजीलासुद्धा हूं म्हणाल्याशिवाय राहू शकली नव्हती, ती गप्प. संघप्रियानं मोबाइल कानापासून काढून बघितला. फोन चालू होता, सेकंद पुढं सरकत होते. आई रडतेय का? एकटीच आहे घरात. मी गेल्यावर तर एकटीच असणार. पण ती थांबली नाही. थांबायचं तिनं सोडून दिलं होतं. ती सांगत राहिली. त्या बाई कशा बसल्या होत्या, घड्याळावर काट कशी मारली, सीटची गोष्ट कशी सांगितली, तिकडून रोज फोन करणार, सुट्टीत येणार, येताना मालनबाईला स्वेटर आणणार आणि शेळीलासुद्धा. बोलता बोलता दोन मिनिटं होऊन गेली. मग तिला दम लागला, आणि ती श्वास घ्यायला थांबली.

तेव्हा कुठं पलीकडून आवाज आला. नाक ओढलेलं, आणि मग सुलाबाई, नेहमीच्याच ठसक्यात.

"थांबलीस कामून? बोल की. तुज्या बापासमोर फोन धरून उभी हाय मी. आमी दोघं बी ऐकायलोत."